जागा असताना ‘जागा नाही’: एडीबी, अँड्रॉइड स्टुडिओ आणि एम्युलेटरची परीक्षा

६४ जीबीचा फोन. सेटिंग्जमध्ये ६०० एमबी मोकळी दिसते. एपीके, म्हणजे अॅपची इन्स्टॉल करायची फाइल, १२० एमबीची. अँड्रॉइड स्टुडिओत, म्हणजे अॅप बनवण्याच्या प्रोग्रॅममध्ये, ‘रन’ दाबले की उत्तर येते : ‘इन्स्टॉल फेल्ड इनसफिशियंट स्टोरेज’. ६०० मध्ये १२० मावत नाहीत, हे कुणालाही पटणार नाही. मग फोनमधले फोटो उडवले जातात, इतर अॅप्स काढली जातात, शेवटी फॅक्टरी रीसेट होतो. त्यातल्या बहुतेक गोष्टींची गरज नसते. अँड्रॉइडचा हिशेब बरोबरच असतो, पण तो डेव्हलपरला दाखवला जात नाही. या आढाव्यात तीन साधनांकडे याच एका नजरेने पाहिले आहे : एडीबी (संगणकावरून फोनला कमांड देणारे साधन), अँड्रॉइड स्टुडिओचे ‘रन’ बटण आणि डिव्हाइस मॅनेजरमधून चालणारा एम्युलेटर (संगणकावरचा आभासी फोन). इन्स्टॉल अडले की यातले कोण खरे कारण सांगते आणि कोण भलतीकडे नेते, एवढाच प्रश्न आहे.

आधी तो हिशेब समजून घेऊ, कारण पुढचे सगळे त्यावरच उभे आहे. अॅप्स आणि त्यांचा डेटा ज्या भागात राहतो ते डेटा पार्टिशन अँड्रॉइड शेवटच्या बाइटपर्यंत भरू देत नाही. काही जागा राखीव असते. एओएसपीतला, म्हणजे अँड्रॉइडच्या खुल्या मूळ कोडमधला, बरीच वर्षे चालत आलेला नियम असा : पार्टिशनच्या एकूण आकाराचे ५ टक्के किंवा ५०० एमबी, यांपैकी जे कमी असेल ते. ६४ जीबीचे ५ टक्के ३ जीबीच्या वर जातात, म्हणून तिथे ५०० एमबीची मर्यादा लागू होते. अँड्रॉइड ८ पासून इन्स्टॉलसाठी उपलब्ध जागा ढोबळमानाने अशी निघते : मोकळी जागा, अधिक सिस्टिमला पुसता येण्याजोगी कॅशे (अॅप्सच्या तात्पुरत्या फाइल्स), वजा ही राखीव जागा. वरच्या फोनवर पुसण्यासारखी कॅशे उरलेली नसेल तर ६०० वजा ५०० म्हणजे १०० एमबी. १२० ची एपीके तिथे बसत नाही. एम्युलेटरवर हे आणखी पटकन जाणवते. ६ जीबीच्या डेटा पार्टिशनचे ५ टक्के सुमारे ३०७ एमबी. ४५० एमबी मोकळी दिसत असली तरी हाताशी १४३ एमबीच राहते, आणि २०० एमबीची डिबग (चाचणीसाठीची) एपीके नाकारली जाते. फोन उत्पादक हे आकडे बदलू शकतात, म्हणून ते गृहीत न धरता आपल्या डिव्हाइसलाच विचारावेत. कसे विचारायचे ते पुढे येते.

हिशेबाची दुसरी बाजू म्हणजे एपीकेला लागणारी जागा. फाइल १२० एमबीची आहे म्हणून १२० एमबीच लागते असे नाही. मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे अॅपची माहिती सिस्टिमला देणाऱ्या फाइलमध्ये, ‘एक्स्ट्रॅक्ट नेटिव्ह लिब्ज’ खरे असेल तर आतल्या एसओ फाइल्स (नेटिव्ह लायब्ररी, म्हणजे थेट प्रोसेसरसाठी तयार केलेला कोड) उलगडून वेगळ्या ठेवल्या जातात, त्यांचा आकार वर मोजला जातो. अपडेट असेल तर नवी आवृत्ती जागेवर बसेपर्यंत जुनी हलत नाही. त्या काळात दोन्ही डिस्कवर असतात. जुन्या पद्धतीच्या पुश इन्स्टॉलमध्ये त्यात तिसरी प्रत जमा होते. एडीबी आधी एपीके ‘/डेटा/लोकल/टीएमपी’ मध्ये टाकते आणि पॅकेज मॅनेजर तिथून स्वतःच्या फोल्डरात पुन्हा लिहितो. १२० एमबीच्या अॅपच्या अपडेटला मधल्या काही सेकंदांसाठी ३६० एमबी आणि वर नेटिव्ह लायब्ररी, असे गणित होते. डाउनलोड केलेल्या फाइलच्या आकारावरून काढलेला अंदाज इथेच चुकतो.

एडीबी

तिन्हींत सर्वांत भरवशाचे साधन हेच, आणि अडचण आली की पहिल्यांदा हेच उघडावे. स्टुडिओतून बाहेर या, टर्मिनलमध्ये ‘एडीबी इन्स्टॉल -आर’ आणि पुढे एपीकेचा पूर्ण मार्ग द्या. स्टुडिओ जे एका वाक्यात गुंडाळतो त्याची खरी ओळ इथे दिसते. ‘रिक्वेस्टेड इंटर्नल ओन्ली, बट नॉट इनफ स्पेस’ असे आले तर वरचा राखीव जागेचा हिशेब लागू आहे, असे खात्रीने समजावे. याचा अर्थ डिस्क भरली असा नाही. अॅपला अंतर्गत स्टोरेजच हवे आहे आणि राखीव जागा वगळल्यावर तिथे ते बसत नाही, एवढाच आहे.

मग तीन आकडे घ्यावेत. पहिला, ‘एडीबी शेल डीएफ -एच /डेटा’. सेटिंग्जच्या स्क्रीनपेक्षा यावर विश्वास ठेवावा, कारण सेटिंग्ज अनेकदा सगळे स्टोरेज एकत्र करून दाखवते. दुसरा, ‘एडीबी शेल डम्पसिस डिव्हाइसस्टोरेजमॉनिटर’. यात प्रत्येक व्हॉल्यूमपुढे ‘लो बाइट्स’ नावाची संख्या असते. आपल्या डिव्हाइसवरची राखीव जागा म्हणजे हीच. या कमांडची फारशी कुणी आठवण काढत नाही, पण या सबंध प्रश्नात सर्वांत उपयोगी पडते ती हीच. तिसरा आकडा एपीकेचा : फाइलचा आकार, आणि एसओ फाइल्स उलगडल्या जाणार असतील तर वर ‘लिब’ फोल्डरचा; ते किती मोठे आहे हे स्टुडिओच्या ‘बिल्ड’ मेनूतला ‘अॅनलाइझ एपीके’ उघडून पाहावे. पहिल्यातून दुसरा वजा केला आणि उरलेले तिसऱ्यापेक्षा कमी निघाले, तर निदान झाले.

वजाबाकी व्यवस्थित असूनही इन्स्टॉल अडते तेव्हा संशय अर्धवट राहिलेल्या फाइल्सवर घ्यावा. पुश चालू असताना केबल निघाली किंवा एडीबी सर्व्हर मारला गेला, तर ‘/डेटा/लोकल/टीएमपी’ मधली एपीके तशीच पडून राहते. ‘एडीबी शेल एलएस -एल /डेटा/लोकल/टीएमपी’ ने बघून, आपल्याच एपीके आहेत याची खात्री करून ‘आरएम’ ने काढाव्यात. या फोल्डरला रूट (फोनचे पूर्ण अधिकार) लागत नाही. दुसरी जागा म्हणजे ‘/डेटा/अॅप’ मधली ‘व्हीएमडीएल’ ने सुरू होऊन ‘टीएमपी’ ने संपणारी फोल्डर्स. ही अपुऱ्या राहिलेल्या इन्स्टॉल सेशनची असतात आणि साध्या फोनवर हाताने काढता येत नाहीत. इथे फोन रीस्टार्ट करणे हा खरा उपाय ठरतो, आणि त्याला कारण आहे : बूट होताना पॅकेज इन्स्टॉलर ज्यांना कुणी वाली नाही अशी फोल्डर्स शोधून काढून टाकतो, आणि ३ दिवसांपेक्षा जुनी सेशन्सही बाद करतो. ‘रीस्टार्ट केला आणि चालले’ ही तक्रारीखालची नेहमीची प्रतिक्रिया बहुतेक वेळा याच साफसफाईमुळे खरी ठरते.

अँड्रॉइड ७ आणि पुढच्या डिव्हाइसवर एडीबी आपोआप स्ट्रीमिंग पद्धत वापरते. एपीके थेट सेशनमध्ये लिहिली जाते, मधली तिसरी प्रत टळते. टर्मिनलमध्ये ‘परफॉर्मिंग स्ट्रीम्ड इन्स्टॉल’ अशी ओळ दिसली की ही पद्धत चालू आहे. ‘परफॉर्मिंग पुश इन्स्टॉल’ दिसले तर डिव्हाइस जुने आहे, प्लॅटफॉर्म टूल्स जुनी आहेत, किंवा कुठल्यातरी स्क्रिप्टमध्ये ‘--नो-स्ट्रीमिंग’ लिहून ठेवले आहे. शेवटची शक्यता बिल्ड सर्व्हरवर जरूर तपासावी. पूर्वी कुठल्या तरी फोनसाठी घातलेला तो पर्याय पुढे सगळ्या फोनना लागू होऊन बसतो. अँड्रॉइड ११ पासूनचे इन्क्रिमेंटल इन्स्टॉलही आहे; त्याला एपीकेवरच्या डिजिटल सहीच्या योजनेच्या चौथ्या आवृत्तीची ‘आयडीसिग’ फाइल लागते. मोठ्या गेमसाठी ते छान आहे, पण त्याचा फायदा वेगाचा. जागेची कटकट सोडवण्यासाठी त्याच्या वाटेला जाऊ नये.

कॅशे रिकामी करायला ‘एडीबी शेल पीएम ट्रिम-कॅशेस’ आणि पुढे हवी असलेली मोकळी जागा, उदाहरणार्थ ‘२जी’. ही कमांड अॅप्सचा डेटा हलवत नाही, फक्त कॅशे पुसते. त्यामुळे एकेक अॅप उघडून ‘क्लिअर कॅशे’ दाबत बसण्याची गरज उरत नाही. एवढ्यानेही काम होत नसेल तर ‘एडीबी लॉगकॅट’ चालू ठेवून पुन्हा इन्स्टॉल करावे आणि ‘पॅकेजमॅनेजर’, ‘पॅकेजइन्स्टॉलर’, ‘इन्स्टॉलडी’ एवढ्याच टॅग्जच्या ओळी गाळून वाचाव्यात. ज्या टप्प्यावर अडले तो तिथे नावानिशी असतो.

चाचणीसाठीच ठेवलेल्या, लहान स्टोरेजच्या डिव्हाइसवर राखीव जागाच कमी करण्याचाही मार्ग आहे. ‘एडीबी शेल सेटिंग्ज पुट ग्लोबल सिस_स्टोरेज_थ्रेशोल्ड_मॅक्स_बाइट्स’ आणि पुढे बाइट्समधली संख्या. १०० एमबीसाठी १०४८५७६००. प्रत्येक फोनवर हे मान्य होईलच असे नाही, म्हणून नंतर ‘डिव्हाइसस्टोरेजमॉनिटर’ चा डम्प पाहून ‘लो बाइट्स’ खरोखर बदलले का ते बघावे. रोजच्या वापरातल्या फोनवर हे मुळीच करू नये. राखीव जागा नसली तर डेटाबेस लिहिताना अॅप्स कोसळतात, आणि मग तो दोष आपल्या कोडचा की डिस्कचा, हे शोधण्यात दिवस जातो. काम झाले की त्याच नावाने ‘सेटिंग्ज डिलीट ग्लोबल’ करावे.

एडीबीत एक उणीव आहे, आणि ती लहान नाही. चुकीबरोबर ती ‘इतकी हवी होती, इतकी मिळाली’ हे दोन आकडे बहुतेकदा देत नाही. सिस्टिमला दोन्ही माहीत असतात. त्यांची तुलना करूनच नकार दिलेला असतो. तेवढे छापले असते तर या लेखाचा अर्धा भाग लिहावा लागला नसता.

स्टुडिओचे ‘रन’ बटण

रोजच्या कामाला उत्तम. आपल्या विषयात मात्र तिन्हींत सर्वांत कच्चे. त्याचा संदेश म्हणतो की डिव्हाइसला आणखी मोकळी जागा हवी, आणि कंसात पुस्ती जोडतो की एपीकेच्या आकाराव्यतिरिक्त जादा जागा लागते. पुस्ती खरी आहे, पण किती जादा आणि का, याचा पत्ता नाही. डेव्हलपर मग सोपा मार्ग धरतो : जुने अॅप अनइन्स्टॉल करून पुन्हा टाकणे. जुनी प्रत गेली की जागा होते आणि इन्स्टॉल चालते. पण त्याबरोबर अॅपचा डेटा, लॉगिन, चाचणीसाठी तयार केलेला डेटाबेस सगळे जाते, आणि जो अपडेटचा मार्ग तपासायचा होता तो तपासला जातच नाही. डेटाबेस मायग्रेशनमधली (जुना डेटा नव्या रचनेत नेण्यातली) चूक अशाच वेळी नजरेतून सुटते. अनइन्स्टॉल हा शेवटचा उपाय असावा, हे ठासून सांगावेसे वाटते.

‘एडीबी अनइन्स्टॉल -के’ ने डेटा राखता येतो, पण त्याचीही मेख आहे. राखलेल्या डेटासोबत जुनी सहीसुद्धा नोंदीत राहते. दुसऱ्या मशीनवरच्या डिबग कीने सही केलेली एपीके टाकली की ‘अपडेट इनकम्पॅटिबल’, कोड उणे ७, येतो आणि अॅप तर फोनवर दिसतच नाही. अशा वेळी ‘एडीबी शेल पीएम लिस्ट पॅकेजेस -यू’ ने लपलेले पॅकेज सापडते.

स्टुडिओच्या बाजूने एक गोष्ट नक्की सांगायला हवी. ‘रन’ दाबल्यावर तो जोडलेल्या डिव्हाइसची एबीआय (प्रोसेसरचा प्रकार) ओळखून तेवढ्याच नेटिव्ह लायब्ररी भरतो. टर्मिनलमधून ‘असेंबल डिबग’ केले की चारही एबीआय आत येतात : एआरएमच्या ३२ आणि ६४ बिटच्या दोन, एक्स८६ च्या दोन. म्हणून स्टुडिओतून बसणारे अॅप बिल्ड सर्व्हरच्या एपीकेने बसत नाही असे होते, आणि दोष फोनला जातो. उपाय बिल्डमध्ये आहे. डिबग बिल्ड टाइपच्या ‘एनडीके’ ब्लॉकमध्ये ‘एबीआय फिल्टर्स’ मध्ये फक्त आपल्या फोनची एबीआय द्यावी. ती ‘एडीबी शेल गेटप्रॉप आरओ.प्रॉडक्ट.सीपीयू.एबीआयलिस्ट’ ने कळते. अॅप्स रिॲक्ट नेटिव्ह किंवा फ्लटर या चौकटींत लिहिली असतील तर रिॲक्ट नेटिव्हमध्ये ‘ग्रेडल.प्रॉपर्टीज’ मधली ‘रिॲक्टनेटिव्हआर्किटेक्चर्स’ ही ओळ, फ्लटरमध्ये ‘--टार्गेट-प्लॅटफॉर्म’ हा पर्याय तेच काम करतो.

बिल्ड लॉगमधली एक इशाऱ्याची ओळ सगळे ओलांडून जातात : ‘अनेबल टू स्ट्रिप द फॉलोइंग लायब्ररीज’. मशीनवर एनडीके (नेटिव्ह कोडसाठीचा साधनसंच) नसेल तर ग्रेडल (बिल्ड करणारे साधन) प्लगइन एसओ फाइल्समधली डिबग चिन्हे काढू शकत नाही आणि त्या आहेत तशा भरतो. एपीके अचानक कितीतरी फुगते, आणि त्याच कोडची शेजारच्या मशीनवरची एपीके मात्र लहान असते. फोन साफ करण्याआधी ही ओळ शोधावी. सापडली तर एनडीके बसवून पुन्हा बिल्ड केले की पुरते.

एम्युलेटर आणि डिव्हाइस मॅनेजर

मधला क्रमांक. जागा वाढवण्याची सोय आहे, पण ती चटकन सापडत नाही आणि केलेला बदल लागू झाला की नाही हे कळत नाही. डिव्हाइस संपादित करताना प्रगत सेटिंग्जमध्ये ‘इंटर्नल स्टोरेज’ असते. तोच आकडा होम फोल्डरातल्या एव्हीडीच्या (बनवलेल्या आभासी डिव्हाइसच्या) ‘कॉन्फिग.आयएनआय’ मध्ये ‘डिस्क.डेटापार्टिशन.साइझ’ या नावाने लिहिला जातो. तो वाढवून एम्युलेटर नेहमीसारखा चालू केला की बहुधा क्विक बूटच्या स्नॅपशॉटवरून (आधी जपून ठेवलेल्या स्थितीवरून) उठतो आणि जुनाच आकार दाखवत राहतो. ‘कोल्ड बूट’ करावे, मग ‘डीएफ’ ने तपासावे. तरी आकडा हलला नाही तर ‘वाइप डेटा’; त्यात एम्युलेटरवरचे सगळे जाईल हे लक्षात ठेवून.

‘एसडी कार्ड’ चा आकार वाढवणे ही इथली सर्रास होणारी चूक. अॅप अंतर्गत स्टोरेजमध्ये बसते, कार्ड कितीही मोठे असले तरी इन्स्टॉलला त्याचा उपयोग नाही. मॅनिफेस्टमध्ये ‘इन्स्टॉल लोकेशन’ दिलेले नसेल तर अंतर्गतच धरले जाते. ‘पीएम सेट-इन्स्टॉल-लोकेशन २’ करून सगळे बाहेर ढकलायचा सल्ला फिरत असतो. तो पाळू नये. ही कमांड डिबगिंगपुरती आहे, आणि कार्ड नसलेल्या डिव्हाइसवर त्यातून उणे १९ किंवा उणे २० असे वेगळेच कोड येतात. कुणी आधीच करून ठेवले असेल तर ‘पीएम गेट-इन्स्टॉल-लोकेशन’ ने कळते. शून्य दिले की निवड पुन्हा सिस्टिमकडे जाते.

खऱ्या अर्थाने जागा संपते ती अनेकदा संगणकावरची. एम्युलेटरची डेटा फाइल वापरानुसार वाढत जाते, वर स्नॅपशॉट. एम्युलेटरच्या आत ४ जीबी मोकळी दिसते आणि संगणकाच्या डिस्कवर काहीच उरलेले नसते. म्हणून ‘डीएफ’ दोन्हीकडे चालवावे, आत आणि बाहेर.

जे जागेबद्दल नसतेच

काही चुका जागेचे नाव घेतात आणि त्यांचा जागेशी संबंध नसतो. लिनक्सवर मेट्रो (रिॲक्ट नेटिव्हचे बंडल बनवणारे साधन) किंवा फाइल्समधले बदल टिपणारा दुसरा फाइल वॉचर ‘ईएनओएसपीसी’ म्हणून थांबतो. हा एरर क्रमांक २८, शब्दशः ‘डिव्हाइसवर जागा शिल्लक नाही’. पण डिस्क अर्धी रिकामी असते. फाइल्सवर नजर ठेवणारी कर्नलची इनोटिफाय यंत्रणा वॉचची (एकाच वेळी नजरेत ठेवायच्या नोंदींची) मर्यादा संपली की हाच क्रमांक परत करते. संदेशात ‘फाइल वॉचर्स’ हे शब्द असतील तर डिस्ककडे बघूच नये. ‘सिसकंट्रोल एफएस.इनोटिफाय.मॅक्स_यूजर_वॉचेस’ ने (सिसकंट्रोल म्हणजे sysctl) सध्याची मर्यादा पाहावी. जुन्या कर्नलमध्ये ती ८१९२ असे, आणि जावास्क्रिप्टच्या एका प्रकल्पातली नोड मॉड्यूल्स तेवढी सहज खातात. ५.११ पासून कर्नल ती मेमरीनुसार ठरवतो. ५२४२८८ ही नेहमी दिली जाणारी संख्या बहुतेक प्रकल्पांना पुरते. एका वॉचला साधारण १ केबी कर्नल मेमरी लागते, त्यामुळे लहान मशीनवर अंदाज घेऊनच वाढवावी. कायम ठेवायची तर ‘/ईटीसी/सिसकंट्रोल.डी’ मधल्या फाइलमध्ये लिहून ‘सिसकंट्रोल --सिस्टिम’ चालवावे.

तोच क्रमांक २८ आयनोड (प्रत्येक फाइलसाठी लागणारी डिस्कवरची नोंद) संपल्यावरही येतो. ग्रेडलची कॅशे आणि नोड मॉड्यूल्स म्हणजे लाखो बारीक फाइल्स. ईएक्सटी४ वर आयनोडची संख्या फॉरमॅट करतानाच ठरते. ‘डीएफ -आय’ मध्ये १०० टक्के दिसले तर मोठ्या फाइल्स पुसून काही साधत नाही, लहान फाइल्सचे ढीगच काढावे लागतात. बिल्ड सर्व्हरवरच्या कंटेनरमध्ये हे जास्त घडते.

फार जुनी डिव्हाइस अजून सांभाळणाऱ्यांसाठी : अँड्रॉइड २ ते ४ च्या काळातला ‘कंटेनर एरर’, कोड उणे १८, बहुतेकदा ‘/एमएनटी/सिक्युअर/एसेक’ मध्ये अडकलेल्या ‘एसएमडीएल२टीएमपी१.एसेक’ या फाइलमुळे येई. ती काढली की इन्स्टॉल चाले. आणि कोड उणे २४ म्हणजे अॅपचा जुना डेटा फोल्डर वेगळ्या यूजर आयडीने मागे राहिला आहे. त्यावर जागा मोकळी करून काहीही होत नाही. तो फोल्डर रूटने काढावा लागतो किंवा डिव्हाइस पुसावे लागते.

कोणते साधन कशासाठी घ्यावे, याचे उत्तर सरळ आहे. कोड लिहिताना ‘रन’ बटण, इन्स्टॉल अडले की लगेच एडीबी, आणि नवा एव्हीडी बनवतानाच अंतर्गत स्टोरेज ८ जीबी किंवा जास्त. आपले अॅप कमी जागेत कसे वागते हे तपासायला फोन खोट्या फाइल्सनी भरण्याची जरूर नाही. ‘एडीबी शेल सीएमडी डिव्हाइसस्टोरेजमॉनिटर फोर्स-लो’ ने जागा कमी असल्याची स्थिती आणता येते. तपासणी झाल्यावर त्याच कमांडला ‘रीसेट’ द्यावे, आणि चाचणीच्या स्क्रिप्टमध्ये ते अशा जागी लिहावे की चाचणी मध्येच फसली तरी ते चालेल.